वंशावळ वेगळी, घर वेगळं: जीटीकेमधली क्लासची उतरंड

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या ग्रंथालयासाठी पायथनमध्ये लिहिलेला जीटीके ३ वरचा (जीटीके म्हणजे खिडक्या, बटनं असे पडद्यावरचे भाग तयार देणारं टूलकिट) प्रोग्रॅम जीटीके ४ वर न्यायचा आहे. त्यात स्वतःचे चौदा क्लास, म्हणजे वस्तूंचे साचे, आहेत, बहुतेक बटन, एंट्री (टाइप करायचा रकाना) आणि बॉक्स यांच्यापासून उतरलेले, म्हणजे त्यांचे गुण वारशाने घेतलेले. नव्या आवृत्तीत कंटेनर (ज्यात इतर भाग ठेवता येतात) हा क्लासच सापडत नाही. चेकबटन म्हणजे टॉगलबटन असं धरून लिहिलेला कोड मोडतो. शोधाच्या रकान्यावर एंट्रीच्या मेथड मिळत नाहीत. चांगली चाललेली उतरंड का मोडली, आणि आता आपले क्लास कशापासून उतरवायचे?

उतरंड मोडली हे खरं आहे, पण ती चांगली चालली होती असं मला वाटत नाही. तिची किंमत आपण सगळे मोजत होतो, फक्त ती सवयीची झाली होती. हे नीट समजलं तर तुमच्या चौदा क्लासपैकी किती ठेवायचे हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून आधी मुळाशी जातो, कामाचं नंतर सांगतो.

ग्राफिकल प्रोग्रॅममध्ये दोन झाडं असतात आणि दोन्हींना आपण 'पेरेंट' आणि 'चाइल्ड' हेच शब्द वापरतो. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ या एका गोष्टीतून होतो. पहिलं झाड क्लासचं. टॉगलबटन बटनापासून उतरतं, बटन विजेटापासून, म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या भागांच्या मूळ क्लासपासून. ही वंशावळ. दुसरं झाड चालू प्रोग्रॅममधल्या वस्तूंचं. खिडकीत बॉक्स, बॉक्समध्ये बटन, बटनात लेबल. हे घर. बॉक्स हा बटनाचा पूर्वज नाही. बटन त्याच्या घरात राहतं, एवढंच त्यांचं नातं. भाडेकरू घरमालकाच्या वंशावळीत येत नाही.

कोणती गोष्ट कुठल्या झाडावरून येते हे पाठ करण्यासारखं आहे. मेथड (वस्तूला करता येणारी कामं), प्रॉपर्टी (तिचे गुण) आणि सिग्नल (काही घडलं की ती देते ती सूचना) वंशावळीतून मिळतात. माऊसची क्लिक मात्र घरातून फिरते. जीटीके ४ मध्ये ती आधी खिडकीपासून खाली त्या विजेटापर्यंत उतरते, हा कॅप्चरचा टप्पा, आणि मग तिथून परत वर चढते, हा बबलचा. बॉक्स निष्क्रिय केला की आतलं सगळं निष्क्रिय होतं, बॉक्स लपवला की आतलं सगळं लपतं, सीएसएसमधला (रूप ठरवणाऱ्या नियमांमधला) अक्षरांचा रंग बाहेरून आत झिरपतो. हे सारं घराचं काम. तेव्हा 'या फॉर्ममधली सगळी बटनं एकदम बंद करता यावीत' एवढ्यासाठी कोणी फॉर्मबटन नावाचा क्लास काढला असेल, तर त्याने घराचं काम वंशावळीवर टाकलं आहे. तुमच्या यादीत असा एक तरी निघेल असा माझा अंदाज आहे.

आता जुनी उतरंड पाहू. जीटीके ३ मधलं साधं रेडिओबटन घ्या. रेडिओबटन चेकबटनापासून, चेकबटन टॉगलबटनापासून, टॉगलबटन बटनापासून, बटन बिनपासून, बिन कंटेनरपासून, कंटेनर विजेटापासून, विजेट इनिशियलीअनओन्डपासून आणि ते जीऑब्जेक्ट या सर्वांत वरच्या क्लासपासून. अनेकांपैकी एक पर्याय निवडायच्या एका गोल ठिपक्यामागे आठ पिढ्या उभ्या होत्या.

प्रत्येक पायरी त्या त्या वेळी सयुक्तिकच वाटली असणार. बटनात लेबल किंवा चित्र ठेवता यायला हवं, म्हणजे त्यात काहीतरी ठेवता येतं, म्हणून ते कंटेनर. एकच वस्तू ठेवता येते, म्हणून बिन. दाबलेलं राहतं ते टॉगल. टॉगलसारखंच पण चौकोनात खूण दाखवतं ते चेक. चेकसारखंच पण गटात एकच निवडलेलं राहतं ते रेडिओ. वाक्यं म्हणून सगळी पटतात. अडचण अशी की वारशात हवं तेवढंच घेता येत नाही, सगळं घ्यावं लागतं. चेकबटनाला बटनाची 'रिलीफ' ही प्रॉपर्टी मिळाली, म्हणजे कडा उठावदार हव्यात की सपाट. चौकोनी खुणेला त्याचा काय उपयोग? टॉगलबटनात तर खूण काढायची की नाही हे सांगणारी प्रॉपर्टी होती, म्हणजे पूर्वजाला वंशजाच्या रूपाची माहिती ठेवावी लागली. पूर्वजाच्या क्लासमध्ये वंशजाची सोय दिसली की समजावं, नातं चुकीचं जुळलं आहे.

एंट्रीकडे याहून सरळ उदाहरण आहे. जीटीके ३ मध्ये संख्या कमी-जास्त करायचं स्पिनबटन हे एंट्रीपासून उतरलेलं होतं, कारण त्यात टाइप करता येतं. पण एंट्रीला पासवर्डासाठी अक्षरं झाकायची मेथड आहे. ती स्पिनबटनालाही लागू झाली. पुस्तकाच्या प्रतींची संख्या ठिपक्यांनी झाकता येईल, आणि पायथन चकार शब्द काढणार नाही. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे उपयोगी पडतं. जिथे पूर्वज चालतो तिथे वंशज ठेवला तर काही बिघडता कामा नये. मी त्याला रोजच्या कामासाठी असं रूप देतो: मूळ क्लासच्या सगळ्या मेथडची यादी समोर ठेवा आणि एकेक वाचत आपल्या क्लासला विचारा, 'ही तुझ्यावर कोणी बोलावली तर तुला अर्थ लागेल का?' दोन-तीन ठिकाणी उत्तर 'नाही' आलं की इनहेरिट करायचा विचार सोडा.

१६ डिसेंबर २०२० ला जीटीके ४ आलं तेव्हा या फांद्या छाटलेल्या होत्या. कंटेनर आणि बिन गेले. कोणत्याही विजेटाच्या आत दुसरी विजेट राहू शकतात, ही क्षमता थेट विजेटातच आली. बटन आता सरळ विजेटापासून उतरतं. चेकबटनही सरळ विजेटापासून, टॉगलबटनाशी त्याचं रक्ताचं नातं उरलं नाही. रेडिओबटन नावाचा क्लासच नाही. चेकबटनांना एका गटात घातलं की ती रेडिओसारखी वागतात आणि दिसतात. आठ पिढ्यांचं काम एका मेथडवर आलं.

एंट्रीच्या बाबतीत केलेला बदल मला त्याहून मोलाचा वाटतो. टाइप करण्याचं प्रत्यक्ष काम 'टेक्स्ट' नावाच्या एका वेगळ्या विजेटाकडे दिलं. एंट्री, शोधाचा रकाना, पासवर्डाचा रकाना, स्पिनबटन हे सगळे आपापल्या पोटात एक टेक्स्ट बाळगतात आणि 'एडिटेबल' हा इंटरफेस, म्हणजे वंशाशी संबंध नसलेली मेथडची ठरलेली यादी, पुरवतात. मजकूर वाचणं, बदलणं, कर्सर हलवणं हे एडिटेबलमधून सगळ्यांवर चालतं. म्हणून तुमच्या शोधाच्या रकान्यावर मजकूर मिळतो, पण एंट्रीच्या खास मेथड मिळत नाहीत. ते भाऊभाऊ आहेत, बापलेक नाहीत.

इथे एक प्रश्न पडायला हवा: इतकं उघड होतं, तर वीस वर्षं का थांबले? याचं उत्तर जीऑब्जेक्टच्या आतल्या रचनेत आहे, आणि पायथनमधून काम करणाऱ्यांना ती सहसा दिसत नाही.

जीटीके सी भाषेत लिहिलेलं आहे आणि सीमध्ये क्लास नाहीत. म्हणून जीऑब्जेक्ट ते हाताने उभे करतं. वंशजाच्या स्ट्रक्चरचा (मेमरीत ओळीने ठेवलेल्या सदस्यांच्या गठ्ठ्याचा) पहिला सदस्य म्हणजे पूर्वजाचं अख्खं स्ट्रक्चर. म्हणजे बटनाच्या मेमरीची सुरुवातच विजेटाने होते आणि त्याच पत्त्याकडे विजेट म्हणून पाहिलं तरी चालतं. मेथडसाठी दुसरं एक स्ट्रक्चर असतं, फंक्शनच्या पत्त्यांचा तक्ता. ओव्हरराइड करणं, म्हणजे पूर्वजाच्या मेथडच्या जागी आपली देणं, हे इथे क्लास तयार होताना त्या तक्त्यातल्या ठरलेल्या घरात आपल्या फंक्शनचा पत्ता लिहिणं. रचना सुटसुटीत आहे, मला ती फार आवडते, वारसा म्हणजे यंत्राच्या पातळीवर काय हे तिच्यात डोळ्यांना दिसतं.

पण हेही दिसतं की पूर्वजाच्या स्ट्रक्चरमध्ये एक जरी नवा सदस्य घातला, तरी त्याच्या खालच्या सगळ्या वंशजांचे पत्ते सरकतात. आधी कंपाइल झालेला प्रोग्रॅम जुन्या जागी हात घालतो आणि कोसळतो. म्हणून जीटीके ३ च्या क्लासच्या तक्त्यांमध्ये शेवटी काही रिकामी घरं राखून ठेवलेली असायची, पुढे नवी मेथड लागली तर घालायला. लोक ज्याच्यापासून उतरू शकतात असा प्रत्येक क्लास हा असा गोठलेला करार असतो. तो मोडायची मुभा फक्त आवृत्तीचा मोठा आकडा बदलताना. जीटीके ३ फेब्रुवारी २०११ मधलं, त्यानंतरची अशी संधी २०२० ला आली.

याच कारणाने जीटीके ४ मधले बरेच क्लास 'फायनल' केलेले आहेत, त्यांच्यापासून उतरताच येत नाही. लेबल त्यातलंच. हा लेखकांचा हेकेखोरपणा नाही. उतरायची परवानगी दिली नाही, तर आतली रचना बदलायचं स्वातंत्र्य त्यांच्याकडे राहतं. आपल्या प्रोग्रॅममध्येही हाच विचार करावा असं माझं ठाम मत आहे. क्लास उतरण्यासाठी खुला ठेवणं हे वचन आहे, आणि वचन विचार करून द्यावं.

आता माझ्या स्वतःच्या कामातला प्रसंग सांगतो, कारण तुमचा आराखडा वाचताना तोच आठवला. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेसाठी जीटीकेवर प्रोग्रॅम लिहिला. फॉर्मची छान उतरंड मांडली होती. वर मूळ फॉर्म, त्याखाली खातेदाराचा फॉर्म, त्याखाली दोन फांद्या, ठेव आणि कर्ज. ठेवीखाली मुदत ठेव आणि आवर्ती ठेव, कर्जाखाली तारण कर्ज आणि जामीन कर्ज. कागदावर काढलेलं ते झाड पाहून संस्थेतल्या लोकांनाही ते पटलं होतं, त्यांच्या खतावणीसारखंच दिसत होतं.

मग ठेवतारण कर्जाचा फॉर्म करायची वेळ आली. खातेदार आपली मुदत ठेव तारण ठेवून कर्ज घेतो. पडद्यावर ठेवीची पावती, तिची मुदत, व्याजदर हे सगळं हवं, आणि कर्जाचे हप्ते, थकबाकीही हवी. हा फॉर्म ठेवीच्या फांदीवर की कर्जाच्या? जीऑब्जेक्टमध्ये एकाच क्लासपासून उतरता येतं. मी तो कर्जाखाली घातला आणि ठेवीचे रकाने नकलून आणले. पुढे मुदतपूर्व मोडलेल्या ठेवीच्या व्याजाचा नियम बदलला, तेव्हा ठेवीच्या फॉर्ममध्ये तो दुरुस्त झाला आणि ठेवतारण कर्जात जुनाच राहिला. काउंटरवरच्या बाईंनी पावती हाताने पडताळली म्हणून चूक सापडली.

त्याच उतरंडीत दुसरी एक खोच होती. मूळ फॉर्म स्वतः तयार होतानाच 'रकाने भरा' ही मेथड बोलवायचा. ती वंशजांनी ओव्हरराइड केलेली. म्हणजे वंशजाची मेथड चालायची तेव्हा वंशजाचे स्वतःचे रकाने अजून जन्मलेलेच नसायचे. हे वळण पायथनमध्येही तसंच बोचतं. मूळ क्लासची वस्तू तयार होत असताना त्यातून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कधीही बोलावू नका. तुमच्या 'नोंदफॉर्म' क्लासमध्ये नेमकं हे आहे, ते आधी काढा.

शेवटी मी ती उतरंड मोडली. खातेदाराची पट्टी, ठेवीचा तपशील, हप्त्यांचा तक्ता, जामीनदार, असे सुटे विजेट केले. प्रत्येक थेट बॉक्सपासून उतरलेलं, आत काय चाललंय ते बाहेर सिग्नलने सांगणारं. फॉर्म म्हणजे त्यातले हवे तेवढे एकत्र मांडलेले. ठेवतारण कर्जात ठेवीचा तपशील आणि हप्त्यांचा तक्ता शेजारी बसले, नक्कल गेली. तेव्हापासून माझा नेम असा: टूलकिटच्या क्लासखाली स्वतःची एकच पायरी. दुसरी लागली तर थांबून विचार करायचा, आणि तिसरी मी गेल्या कित्येक वर्षांत घातलेली नाही.

आता तुमच्या यादीकडे वळतो.

लाल बटन, हिरवं बटन, मोठं बटन हे तीन क्लास काढून टाका. रूप हा वंशाचा विषय नाही, कपड्यांचा आहे. साध्या बटनाला सीएसएसचा क्लास जोडा. पुस्तक रद्द करण्यासारख्या कामाला 'डिस्ट्रक्टिव्ह-ॲक्शन' आणि मुख्य कामाला 'सजेस्टेड-ॲक्शन' ही नावं प्रमाण थीमला आधीच माहीत आहेत.

एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जाणारी एंट्री आणि दोनदा क्लिक केल्यावर उघडणारं लेबल हे दोन क्लासही जातील. जीटीके ३ मध्ये लेबलाला क्लिक कळावी म्हणून ते इव्हेंटबॉक्समध्ये गुंडाळावं लागे, तुम्हीही तेच केलं आहे. जीटीके ४ मध्ये इव्हेंटबॉक्स नाही, कारण सगळ्याच विजेटांना इव्हेंट मिळतात. वागणूक आता बाहेरून जोडायची. क्लिकसाठी जेश्चर, कळांसाठी की-कंट्रोलर, अशा वस्तू तयार करून विजेटाला लावायच्या. एकच कंट्रोलर लावणारं छोटं फंक्शन लिहिलंत तर ते एंट्रीला, स्पिनबटनाला, तुमच्या स्वतःच्या विजेटालाही चालतं. क्लास काढला असता तर प्रत्येकासाठी वेगळा लागला असता.

या बाबतीत जीटीके एकटं नाही. जावाच्या पहिल्या आवृत्तीत बटनाची क्लिक पकडायला क्लास काढून मेथड ओव्हरराइड करावी लागे. १९९७ च्या १.१ आवृत्तीत त्यांनी लिसनर, म्हणजे क्लिक ऐकायला बाहेरून जोडायच्या वस्तू, आणले आणि ते ओझं उतरवलं. स्विंग या जावाच्या टूलकिटमध्ये मात्र कंटेनरचा वारसा तसाच राहिला, तिथे आजही एका बटनाच्या आत दुसरं बटन घालायला कंपाइलर अडवत नाही.

पुस्तकाचं कार्ड, सभासदाची पट्टी, देवघेवीची ओळ हे तुमचे तीन क्लास मात्र खरे आहेत, ते ठेवा. त्यांचा अर्थ तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे आणि टूलकिटमध्ये त्यांना पर्याय नाही. बॉक्सपासून उतरवा, मांडणी टेम्पलेटच्या फाइलमध्ये ठेवा. फक्त बाहेरच्या कोडने त्यांच्यावर बॉक्सच्या मेथड बोलावून आत काही घुसवायचं नाही, एवढी शिस्त पाळा. ती पाळली जाणार नाही असं वाटत असेल तर थेट विजेटापासून उतरवा आणि बॉक्सलेआउट हा मांडणीकार जोडा. असं केलंत तर आतल्या विजेटांचा पेरेंट तुम्ही स्वतः ठरवता, म्हणून नष्ट होताना डिस्पोजमध्ये त्यांना अनपेरेंट करणंही तुमचंच काम. विसरलात तर टर्मिनलवर इशारा येतो की अजून आत विजेट शिल्लक आहेत. तो इशारा दुर्लक्षू नका.

वाचनाचा आलेख काढणारा क्लास तुम्ही ड्रॉइंगएरियापासून उतरवला आहे. त्याची गरज नाही, ड्रॉइंगएरियाला चित्र काढायचं फंक्शन देता येतं. विजेटापासून खरोखर उतरायची वेळ येते ती तेव्हा, जेव्हा आकार मागणं, जागा वाटणं किंवा स्नॅपशॉट (स्वतःचं चित्र काढणं) या तीन मेथडपैकी एखादी तुम्हाला वेगळी हवी असते. समजा, पुस्तकांचे कणे जाडीनुसार शेल्फवर मांडून दाखवायचे आहेत. तिथे क्लास काढाच, आनंदाने काढा, वारसा त्यासाठीच आहे.

डायलॉगपासून उतरलेल्या तुमच्या दोन क्लासांची घाई नको. मार्च २०२३ च्या ४.१० आवृत्तीपासून डायलॉग कालबाह्य ठरवला आहे, पण तो चालतो. नवे फाइलडायलॉग आणि अलर्टडायलॉग हे तर विजेटच नाहीत, सरळ जीऑब्जेक्टपासून उतरतात. वापरणाऱ्याला काय विचारायचं ते तुम्ही सांगता, खिडकी कशी दाखवायची ते जीटीके बघतं. वेळ मिळेल तेव्हा तिकडे वळा.

राहिले नोंदफॉर्म आणि त्याच्याखालचे दोघे. पहिल्यांदा यांनाच हात घाला, तेही जीटीके ३ वर असतानाच. फॉर्मची उतरंड मोडून सुटे तुकडे करा, प्रोग्रॅम पूर्वीसारखा चालतोय हे पाहा, मगच आवृत्ती बदला. दोन्ही एकदम केलंत तर बिघाड तुमच्या फेरमांडणीचा की नव्या आवृत्तीचा हे कळणार नाही. आवृत्ती बदलल्यावर कंटेनरची ॲड मेथड जिथे जिथे आहे तिथे बॉक्सला अपेंड आणि खिडकीला व बटनाला सेटचाइल्ड, हे काम शोधून बदलण्याचं आहे, एका दुपारी होईल. चेकबटनांच्या जागा मात्र एकेक करून तपासा. 'हे टॉगलबटन आहे का' असं विचारणारी तुमची अट आता गुपचूप खोटी ठरते, चूक दाखवत नाही, आणि सभासदाचं 'अनामत भरली' हे खूण केलेलं घर न वाचताच नोंद पुढे जाते.